गुराख्यांची हाळी आणि परमुलखातले शिपाई

चॉकलेट आणि घड्याळांच्या आधी स्वित्झर्लंडमधून बाहेर जात ती माणसं. डोंगरातली शेती जेमतेम, घरात खाणारी तोंडं फार. मग तरुण पोरं फ्रान्सपासून नेपल्सपर्यंत मिळेल त्या फौजेत भाडोत्री शिपाई होत. तोफेपुढे न हटणारे हे गडी एका साध्या धुनेपुढे मात्र ढेपाळतात, अशी त्यांची ख्याती होती. कुरणात पांगलेल्या गाई गोळा करताना आल्प्समधले गुराखी घालत ती लांबलचक हाळी म्हणजे ही धून, 'क्यूरायेन'.

ती ऐकली की शिपायांना घराची ओढ लागे. या ओढीने जडणाऱ्या दुखण्यावर १६८८ मध्ये बाझेल इथे योहानेस होफर या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने प्रबंध लिहिला. 'नॉस्टॅल्जिया' हे नाव त्याचंच. त्यात बर्नहून शिकायला आलेल्या एका तरुणाची हकिकत आहे. ताप, धडधड, अंथरुणाला खिळलेला. सगळ्यांनी आशा सोडलेली. औषध द्यायला आलेल्या माणसाने ओळखलं, याला घरी पाठवा. जायची तयारी सुरू झाली तसा तो उठून बसला आणि बर्न गाठायच्या आतच खडखडीत बरा झाला.

झुरिकचे वैद्य योहान शॉयख्त्सर यांना हे रुचलं नाही. आपली माणसं हळवी? छे! उंचावरच्या विरळ हवेतून खाली आल्यावर हवेचा दाब वाढतो, तो हृदयावर पडतो, असं त्यांनी मांडलं आणि रोग्याला टेकडीवर किंवा मनोऱ्यात ठेवण्याचा उपाय सुचवला. देशाभिमानापायी शास्त्र कसं वाकतं, याचा हा नामी नमुना.

नेमकं बोट ठेवलं ते रूसोने. १७६८ च्या आपल्या संगीतकोशात त्याने लिहिलं, की ही धून ऐकून स्विस शिपाई रडत, पळून जात, मरतसुद्धा. म्हणून फौजेत ती वाजवायला देहदंडाची बंदी होती. बंदीची गोष्ट थोडी तिखटमीठ लावलेली असेलही. पण पुढचं त्याचं निरीक्षण पक्कं आहे: परक्याला या सुरांत काहीच सापडत नाही. त्यांचं बळ संगीतात नाही. ऐकणाऱ्याचं गाव, बालपण, जुने सोबती त्यांना चिकटलेले असतात.

पुढे रोसिनीने १८२९ च्या 'विल्यम टेल' ऑपेराच्या प्रारंभिक वाद्यसंगीतात याच वळणाची धून घातली. ती आजही जगभर वाजते आणि श्रोते टाळ्या वाजवून घरी जातात.