वैद्यकीय शिक्षणाची संशोधन नियतकालिके

डॉक्टर कसा घडवावा, हा आज संशोधनाचा स्वतंत्र विषय आहे. अध्यापनाची कोणती पद्धत परिणामकारक ठरते, विद्यार्थ्याचे कौशल्य कसे मोजावे, परीक्षा कितपत विश्वसनीय असते, या प्रश्नांवरील अभ्यास प्रसिद्ध करणारी नियतकालिके विसाव्या शतकात उदयास आली.

अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेचे ‘अकॅडमिक मेडिसिन’ १९२६ पासून निरनिराळ्या नावांनी प्रसिद्ध होत आले आहे. ब्रिटनमध्ये १९६६ साली सुरू झालेले नियतकालिक १९७६ पासून ‘मेडिकल एज्युकेशन’ या नावाने ओळखले जाते. १९७९ मध्ये ‘मेडिकल टीचर’ची, तर २००१ मध्ये विनामूल्य वाचता येणाऱ्या ‘बीएमसी मेडिकल एज्युकेशन’ची त्यांत भर पडली.

अशा प्रकाशनाचे महत्त्व एका उदाहरणावरून स्पष्ट होते. पूर्वी प्रात्यक्षिक परीक्षेत कोणता रुग्ण वाट्याला येतो आणि परीक्षक कोण असतो, यावर विद्यार्थ्याचे यश बरेचसे अवलंबून असे. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथील रोनाल्ड हार्डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्यायी पद्धत मांडली. सर्व विद्यार्थी ठरावीक वेळेत त्याच टप्प्यांमधून जातात आणि पूर्वनिश्चित निकषांनुसार गुण मिळवतात. ‘ऑस्की’ या नावाने ही पद्धत जगभर रूढ झाली. भारतातही २०१९ पासून एमबीबीएससाठी क्षमताधारित अभ्यासक्रम लागू झाल्यानंतर तिचे महत्त्व वाढले.

लेख स्वीकारण्यापूर्वी विषयतज्ज्ञांकडून त्याचे परीक्षण केले जाते. येथे अभ्यासाचा विषय बहुधा विद्यार्थीच असतात. आपल्याच शिक्षकाला नकार देणे त्यांना कठीण जाते. त्यामुळे नैतिकता समितीची मान्यता आणि विद्यार्थ्यांची मुक्त संमती यांना विशेष महत्त्व आहे.

भारतात संशोधन लेखांचा संबंध अध्यापकांच्या पदोन्नतीशी जोडण्यात आला. तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने २०१५ मध्ये केवळ मूळ संशोधनपर लेख आणि पहिले दोन लेखक ग्राह्य धरले. २०२० मध्ये हे निकष काहीसे शिथिल झाले. दर्जा राखणे हा नियमांचा हेतू होता. तथापि, रुग्णसेवा व अध्यापन यांचा भार असलेल्या अध्यापकांपुढे लेखांची संख्या पूर्ण करण्याचा प्रश्न उभा राहिला. शुल्क घेऊन परीक्षणाविना लेख छापणाऱ्या नियतकालिकांना त्यातून वाव मिळाला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार, २०१४ या एका वर्षात अशा नियतकालिकांत सर्व विषयांचे मिळून सुमारे ४ लाख २० हजार लेख छापले गेले. त्यांच्या लेखकांमध्ये भारतीयांचे प्रमाण मोठे होते.

अशा लेखाने पदोन्नती मिळू शकते, परंतु वर्गातील अध्यापन सुधारत नाही. सदोष अध्यापनाची किंमत अखेरीस रुग्णाला मोजावी लागते. म्हणूनच लेखांच्या संख्येपेक्षा त्यांची विश्वसनीयता अधिक मोलाची ठरते.