गोळीचा जमाखर्च

डिप्रेशनच्या गोळ्यांचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १९४९ साली मुंबईच्या केईएममधल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडले. पुढे त्याच मुळीतले रेसरपीन जगभर गेले आणि ते घेणारे काही पेशंट उदास होतात अशा नोंदी यायला लागल्या. उलट १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयासाठी इप्रोनियाझिड दिलेले पेशंट चक्क खुलले! १९५७ पासून ते डिप्रेशनवर वापरात आले. पण यकृताला इजा होते म्हणून १९६१ मध्ये अमेरिकेत ते बंद झाले. फायदा असो वा त्रास, दोन्ही कळले ते पेशंटकडे नीट लक्ष ठेवल्यामुळे.

हे आठवायचे कारण, आमच्या फुलपाड्यातल्या शेजारच्या काकू. डॉक्टरांनी नवी गोळी दिलीय, पण साइड इफेक्टची यादी वाचून त्या घाबरल्या. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, गोळीबद्दल काय सांगणार? एवढेच म्हटले, "काकू, यात खर्च आधी दिसतो, जमा नंतर. मळमळ, झोपेची गडबड पहिल्याच आठवड्यात होऊ शकते. गुण यायला मात्र काही आठवडे लागतात. वहीत रोज दोन ओळी लिहा, डॉक्टरांना दाखवा. मनाने गोळी बंद करू नका. जिवाचं बरंवाईट करायचे विचार आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन."

आणि हो, गोळी न घेता महिनोन् महिने अंथरुणात काढले, तर तोही खर्चच. तो यादीत छापलेला नसतो, एवढंच.