ब्लू माउंटन्स : दरीतली भटकंती आणि कड्यावरचे स्वयंसेवक

सह्याद्रीतल्या गडावर जाणाऱ्याला आधी चढ लागतो आणि दमलेले पाय उतारावरून परततात. ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या पश्चिमेस, सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या ब्लू माउंटन्समध्ये हा क्रम नेमका उलटा आहे. तेथे गावे, रेल्वे आणि महामार्ग वालुकाश्माच्या पठाराच्या माथ्यावर वसले आहेत. कटूंबा हे प्रमुख गावच समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून थोडे उंचावर आहे. भटकंती सुरू होते ती कड्याच्या काठावरून खाली. सकाळी ताज्या दमाने दरीत उतरायचे आणि दुपारच्या उन्हात, पाण्याची बाटली रिकामी होत आलेली असताना, तोच कडा चढून यायचे. या मुलखात माणसे का अडकतात, याचे निम्मे उत्तर या रचनेत आहे.

उरलेले निम्मे कड्यांत आहे. नावात पर्वत असले तरी ही शिखरांची रांग नव्हे. नद्यांनी खोलवर चिरलेले ते पठार आहे. कड्यांची भिंत मैलोन्‌मैल अखंड चालते आणि तीतून उतरायला आपल्याकडच्या नाळेसारख्या मोजक्याच जागा असतात. ती जागा चुकली की माणूस ना वर, ना खाली. खाली निलगिरीच्या जातींचे दाट रान आहे. त्यालाच तिकडे 'बुश' म्हणतात. गुंडुंगुरा आणि दारुग या आदिवासी समाजांना येथील वाटा हजारो वर्षांपासून ठाऊक होत्या. गोऱ्या वसाहतवाल्यांना मात्र पठार ओलांडायला १८१३ साल उजाडले, तेही दऱ्या टाळून डोंगरधारेने चालल्यावर. इ. स. २००० मध्ये सुमारे दहा लाख हेक्टरांचा हा प्रदेश जागतिक वारसा म्हणून जाहीर झाला.

या रानातील पायी भटकंतीला 'बुशवॉकिंग' म्हणतात. माइल्स डन्फी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१४ मध्ये 'माउंटन ट्रेल्स क्लब' काढला, १९२७ मध्ये 'सिडनी बुश वॉकर्स' हा क्लब निघाला आणि हा शब्द रूढ झाला. ही मंडळी केवळ हौशी नव्हती. १९३१च्या ईस्टरमध्ये ग्रोस नदीच्या खोऱ्यातील 'ब्लू गम' वृक्षांचे वन तोडून अक्रोड लावण्याचा बेत एका भाडेपट्टाधारकाने केल्याचे त्यांना कळले. भटक्यांनी आपापसांत वर्गणी काढली, १३० पौंड मोजून तो पट्टाच विकत घेतला आणि वन वाचवले. मंदीच्या दिवसांत ही रक्कम लहान नव्हती.

याच खोऱ्यात ऑक्टोबर १९३६ मध्ये चार तरुण भटके बेपत्ता झाले. दऱ्यांची खरी माहिती क्लबांच्या सदस्यांनाच असल्याने शोधाला तेच उतरले. त्या अनुभवातून क्लबांच्या महासंघाने कायमस्वरूपी 'शोध व सुटका विभाग' स्थापन केला. पुढे त्याचेच 'बुश सर्च अँड रेस्क्यू' झाले आणि ते पथक न्यू साउथ वेल्सच्या राज्य आपत्कालीन सेवेशी, म्हणजे 'एसईएस'शी जोडले गेले.

एसईएसचा जन्म मात्र डोंगरात नव्हे, पुरात झाला. फेब्रुवारी १९५५ मध्ये हंटर नदीने मेटलंड शहर बुडवले. त्यानंतर त्याच वर्षी ही सेवा उभी राहिली. पूर आणि वादळ हीच तिची मुख्य जबाबदारी. नारिंगी गणवेशातले तिचे बहुतेक सर्व सदस्य बिनपगारी स्वयंसेवक आहेत. एरवी शिक्षक, सुतार, बँकेतले कर्मचारी असणारी ही माणसे वादळात छपरावर ताडपत्री बांधतात आणि बोलावणे आले की दरीत उतरतात. जमिनीवरील शोधाचे नेतृत्व पोलिसांकडे असते. हाताखालची पायपीट मोठ्या प्रमाणात स्वयंसेवकांची.

ही पायपीट कशी चालते? प्रथम ठरवतात ती माणूस शेवटचा कोठे दिसला ती जागा. मग लहान, चपळ तुकड्या वाटांवर आणि पाण्याच्या जागी धाडल्या जातात. दुसऱ्या तुकड्या बाहेर पडण्याचे रस्ते राखतात. तेवढ्याने भागले नाही तर रांग धरून रान विंचरायचे. रान दाट असेल तर तासाभरात काही शे मीटरही होत नाहीत. हेलिकॉप्टरला झाडांच्या छताखालचे दिसत नाही आणि अरुंद घळीत रेडिओ मुका होतो. म्हणून ठरावीक क्षणी सर्वांनी एकदम शिट्टी वाजवायची आणि मग स्तब्ध उभे राहून कान द्यायचे, ही साधी रीत आजही उपयोगी पडते. माणूस सापडल्यावर खरे कष्ट सुरू होतात. एका स्ट्रेचरला एका वेळी सहा-आठ जण लागतात आणि खडकाळ चढावर ते लवकर थकतात. त्यामुळे बदलीची माणसे हाताशी ठेवावी लागतात.

डिसेंबर २००६ची घटना तेथे अद्याप विसरलेली नाही. तीन शाळकरी मुले कटूंबाजवळून माउंट सॉलिटरीच्या तीन दिवसांच्या वाटेवर निघाली. पाणी संपले. सतरा वर्षांचा एक मुलगा नदीच्या दिशेने पुढे गेला आणि सोबत्यांपासून तुटला. त्याच्याकडे मोबाइल होता, ००० हा आपत्कालीन क्रमांकही लागत होता; पण पलीकडून त्याला पुन्हा पुन्हा रस्त्याचे नाव विचारले गेले. रानात रस्ता कुठला असणार! त्याचा मृतदेह आठ दिवसांनी सापडला. २००९ मध्ये झालेल्या कॉरोनरच्या चौकशीत या दूरध्वनी-व्यवस्थेवर कठोर टीका झाली.

आता फोनच्या पडद्यावर अक्षांश-रेखांश दाखवणारे सरकारी अ‍ॅप आहे, मात्र दरीत मोबाइलचे जाळे बहुधा नसतेच. तेथे भरवसा 'पर्सनल लोकेटर बीकन'चा. हे मुठीएवढे यंत्र ४०६ मेगाहर्ट्‌झवर उपग्रहाला संकेत देते आणि तो कॅनबेरातील नियंत्रण कक्षात पोहोचतो. स्थानिक पोलीस आणि उद्यान खात्याने हे यंत्र भटक्यांना विनामूल्य उसने देण्याची योजना राबवली आहे. तरीही शोधपथके स्वतः सराव करतात तो कागदी नकाशा आणि होकायंत्रावर. 'नॅव्हशील्ड' या त्यांच्या वार्षिक स्पर्धेत आपत्कालीन सेवांच्या तुकड्या रानात लपवलेली ठाणी शोधतात. उपग्रह-दिशादर्शक वापरण्यास तेथे मनाई असते.

निघण्यापूर्वी एक अर्जही भरायचा असतो. कोठून उतरणार, कोठून वर येणार, किती जण आहेत, तंबूचा रंग कोणता, परत केव्हा. हे तपशील घरच्या किंवा ओळखीच्या एका माणसाकडे ठेवायचे. ठरलेली वेळ उलटली की त्याने पोलिसांना कळवायचे. यातले शेवटचे कलम भटकी मंडळी हमखास विसरतात. परत आल्याचे त्या माणसाला सांगायचे राहून जाते. भटका घरी गाढ झोपतो आणि त्याच्या नावाने कोणीतरी रात्री अकराला बूट चढवून कड्याच्या काठावर जमलेले असते.