रत्नागिरी किनाऱ्यावरील पारंपरिक मत्स्यसाधने : एक दुर्लक्षित अंग

कोकणच्या सागरी इतिहासलेखनात आरमार व बंदरे यांना जे स्थान लाभले, ते मच्छीमारांच्या साधनांना लाभले नाही. १८८० च्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियरने मासेमारीची नोंद घेतली खरी. परंतु ही साधने समुद्राइतकीच रानाची व शेतीचीही होती, याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेले नाही. आंब्यासारख्या झाडाचे अखंड खोड कोरून होडी तयार होई. ती अरुंद असल्याने उलटू नये म्हणून एका बाजूस आडव्या दांड्यांनी हलक्या लाकडाची, बहुधा पांगाऱ्याची, उलांडी बांधीत. तागाच्या सुताची जाळी ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवीत. त्यामुळे ती खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नसत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नायलॉन आले. त्यास ना ताग लागे, ना साल. मच्छीमारांचे कष्ट त्यामुळे वाचले, हे नाकारता येत नाही. मात्र किनारा व रान यांचा जुना व्यवहार तुटला. अलास्कातील त्लिंगित लोकांचे लाकडी गळ त्यांवरील कोरीव आकृतींमुळे संग्रहालयांत पोहोचले. उलांडीवर नक्षी नव्हती. जीर्ण झाल्यावर ती बहुधा चुलीतच गेली.