ललिताजींचा हिशेब : जाहिरात लक्षात का राहते?



सुरुवातीला एक छोटा प्रयोग करू. तुमच्यापैकी जे चाळिशीच्या पुढे आहेत, त्यांनी लहानपणी दूरदर्शनवर पाहिलेल्या तीन जाहिराती मनातल्या मनात आठवा. आठवल्या? आता काल मोबाइलवर पाहिलेल्या तीन आठवा. (हशा) बघा, इतक्या वर्षांपूर्वीच्या पटकन आल्या आणि कालच्या येईनात. यावर आपण लगेच म्हणतो, 'तेव्हाच्या जाहिराती किती छान असायच्या!' आज मला हेच वाक्य जरा तपासून बघायचंय.

हा नुसता आठवणींचा खेळ नाही. आज पापड-मसाले करणारा बचत गटसुद्धा मोबाइलवर व्हिडिओ काढतो. हापूस विकणारा बागायतदार काढतो, क्लास चालवणारे सर काढतात. पदरचे पैसे त्यात जातात. त्यांना सल्ला काय मिळतो? संगीत जोरदार लावा, ड्रोन उडवा, एखादा ओळखीचा चेहरा घ्या. व्हिडिओ होतो, लोक बघतात आणि तासाभरात विसरतात. तेव्हा लक्षात काय राहतं आणि का राहतं, हा खिशाचाही प्रश्न आहे.

टीव्हीवरची पहिली अधिकृत जाहिरात मानतात ती १ जुलै १९४१ ची, न्यूयॉर्कमधली. बेसबॉलच्या सामन्याआधी पडद्यावर अमेरिकेचा नकाशा, त्यावर घड्याळ आणि बुलोव्हा या घड्याळ कंपनीचं एक वाक्य. संपली जाहिरात. आपल्याकडे हे बरंच उशिरा आलं. दिल्लीत टीव्ही १९५९ साली सुरू झाला, मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला. पण दूरदर्शनवर व्यापारी जाहिराती सुरू झाल्या त्या १ जानेवारी १९७६ पासून. तोवर हलती-बोलती जाहिरात बघायची तर थिएटरातच.

१९७५ ची लिरिल साबणाची जाहिरात त्या थिएटरच्या काळातली. धबधब्याखाली मनसोक्त भिजणारी मुलगी, एवढंच तिच्यात आहे. ती करणाऱ्या लिन्टास कंपनीचे ॲलेक पदमसी त्यामागचा विचार सांगायचे. दिवसभर नवरा, मुलं, सासू-सासरे यांत अडकलेल्या गृहिणीला फक्त स्वतःची अशी वेळ मिळते ती अंघोळीची, जेमतेम दहा मिनिटं. तेवढ्या वेळात ती कुठेतरी दूर जाऊन येते. धबधबा आला तो तिथून. म्हणजे पडद्यावर चित्र स्वप्नातलं होतं, पण त्याच्या मुळाशी एका न्हाणीघरातली खरी गोष्ट होती. हे लक्षात ठेवा, आपण याकडे परत येणार आहोत.

आता मुख्य कथेकडे वळू. ही कथा आहे कपडे धुण्याच्या पावडरची.

हिंदुस्तान लिव्हरनं सर्फ भारतात आणलं १९५९ साली. शहरी, मध्यमवर्गीय घरातली पावडर ती. बाकी देश वडीच्या साबणानं कपडे घासत होता. १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेल नावाच्या रसायनाच्या जाणकारानं, सरकारी नोकरी सांभाळून, घरच्या घरी पिवळी पावडर बनवली आणि सायकलवरून दारोदार विकायला सुरुवात केली. नाव दिलं मुलीच्या नावावरून, निरमा. सर्फ किलोला सुमारे तेरा रुपये, तर निरमा साडेतीनच्या आसपास. हा फरक साध्या घराला किती मोठा वाटला असेल, विचार करा.

निरमाची जाहिरात तुम्हाला ठाऊक आहे. पांढऱ्या फ्रॉकमधली गिरकी घेणारी मुलगी, एक सोपी चाल, गाण्यात शेजारपाजारच्या वाटाव्यात अशा बायकांची नावं. आधी रेडिओवर, मग टीव्हीवर, वर्षानुवर्षं तीच चाल. यात युक्तिवाद नाही, गोष्टही नाही. पाढे जसे घोकून पाठ होतात तशी ही पाठ झाली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत खपात निरमा सर्फच्या पुढे गेली.

लिव्हरपुढे पेच पडला. 'आमची पावडर अधिक पांढरी धुते' हे सांगून उपयोग नव्हता, कारण गिऱ्हाईक ते नाकारतच नव्हतं. गिऱ्हाईक म्हणत होतं, चांगली असेल हो, पण महाग आहे. मग पदमसींनी काय केलं? ते जाहिरातवाले होते तसे नाटकवालेही होते. इंग्रजी रंगभूमीवर त्यांचं मोठं काम होतं, आणि 'गांधी' चित्रपटातले जिना म्हणून तुम्ही त्यांना पाहिलंही असेल. नाटकवाला माणूस आधी पात्र शोधतो. पात्र त्यांना घरातच सापडलं. पैशाला तोटा नसूनही भाजीवाल्याशी घासाघीस करणारी स्वतःची आई, हे ललिताजींचं मूळ असल्याचं त्यांनी सांगितलं आहे.

कविता चौधरी यांनी ती भूमिका केली. पुढे 'उडान' मालिका लिहिणाऱ्या, दिग्दर्शित करणाऱ्या आणि तिच्यात पोलीस अधिकारी झालेल्या त्याच कविता चौधरी. जाहिरातीत ललिताजी बाजारात भाजी घेतायत. भाव करतात, निवडून घेतात. कॅमेऱ्यामागचा पुरुषी आवाज त्यांना विचारतो, की एवढा हिशेब करता, मग महागाचं सर्फ का घेता? त्या त्याला शांतपणे सुनावतात, की स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यात फरक असतो. आणि पुढे गणित मांडतात : अर्धा किलो सर्फ म्हणजे एक किलो स्वस्त पावडर.

या जाहिरातीत नाच नाही, डोंगर नाही, सिनेनट नाही. ललिताजी फारशा गोडही नाहीत, उलट थोड्या फटकळच. मग ती राहिली का? माझ्या मते कारण असं : घराघरात जो प्रश्न आधीपासून विचारला जात होता, तोच त्या जाहिरातीनं मोठ्यानं विचारला. 'महाग कशाला घ्यायचं?' हा प्रश्न कंपनीला अडचणीचा होता. तो लपवण्याऐवजी त्यांनी तो पहिल्याच वाक्यात ठेवला. आणि उत्तर कोणी दिलं? पांढऱ्या कोटातल्या शास्त्रज्ञानं नाही, तर पिशवी घेऊन बाजारात उभ्या असलेल्या बाईनं. आपल्याकडे घरखर्च चालवणाऱ्या बाईला अक्कल असते हे सगळ्यांना माहीत होतं. ते पडद्यावर मात्र क्वचितच कोणी मान्य करत होतं.

इथे मला कीर्तनाची आठवण होते. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात बुवा एक अभंग घेतात, त्याचं निरूपण करतात. उत्तररंगात आख्यान लावतात. घरी जाताना लोकांना आठवतं आख्यान. पण चांगले बुवा आख्यान असं निवडतात, की ते आठवलं की मागोमाग अभंग आठवलाच पाहिजे. कच्चा कीर्तनकार रंगतदार गोष्ट सांगतो, लोक हसतात, रडतात, आणि अभंग कुठला होता ते कोणालाच सांगता येत नाही. जाहिरातीचं अगदी हेच आहे. 'ती कुत्र्याची जाहिरात काय मस्त होती!' 'कशाची होती?' 'ते नाही आठवत.' (हशा) ललिताजींच्या गोष्टीतून सर्फ काढलं तर गोष्टच उरत नाही. कस लागतो तो इथे.

पण थांबा, कथा इथे संपवली तर ती आपलीच जाहिरात होईल. ललिताजींनी सर्फला सावरलं, त्याची प्रतिष्ठा राखली. निरमा मात्र थांबली नाही. ज्या घराला महिन्याचा हिशेब एका वेळच्या पैशात करायचा असतो, तिथे अर्धा किलोचं गणित कितीही बरोबर असलं तरी हातात तेवढे पैसेच नसतात. हे लिव्हरलाही कळलं. म्हणून १९८७ च्या सुमारास त्यांनी व्हील ही स्वस्त पावडर बाजारात आणली. म्हणजे प्रश्नाचं अर्धं उत्तर जाहिरातीनं दिलं आणि उरलेलं अर्धं कारखान्याला द्यावं लागलं. व्हिडिओकडून काय मागायचं आणि काय मागायचं नाही, हे यातून शिकावं.

दुसरं उदाहरण आपल्या पुण्याजवळचं, आकुर्डीचं. बजाजची चेतक स्कूटर. नोंदणी करून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे असा तो काळ. जिच्यासाठी रांग आहे तिला जाहिरात कशाला हवी? पण ऐंशीच्या दशकात जपानी तंत्रज्ञानाच्या हिरो होंडा, कायनेटिक होंडा अशा गाड्या आल्या आणि चेतक जुनाट वाटू लागली. १९८९ ची 'हमारा बजाज' ही मोहीम त्या भीतीतून जन्मली. तीही लिन्टासचीच. त्यात इंजिनाचं, मायलेजचं बोलणं नाही. स्कूटर पुसणारे, तिच्यावरून बायकामुलांना नेणारे साधे लोक आहेत. 'ही गाडी जुनी झाली का?' या प्रश्नाला उत्तर दिलं, ही गाडी घरचीच आहे. आणि घरच्या माणसाला जुनं झालं म्हणून कोणी टाकत नाही.

लोकांनी जाहिरात डोक्यावर घेतली. तरी २००९ च्या अखेरीस बजाजनं स्कूटर बनवणं सोडायचं ठरवलं. काळ मोटरसायकलचा झाला होता. गाणं राहिलं, स्कूटर गेली! पण इतिहास असा सरळ संपत नाही. २०१९ मध्ये कंपनीनं विजेवर चालणारी स्कूटर आणली तेव्हा नाव कुठलं दिलं? चेतक. मधली दहा वर्षं ते नाव लोकांनी सांभाळून ठेवलं होतं.

आता सुरुवातीच्या वाक्याकडे येऊ. 'तेव्हाच्या जाहिराती छान असायच्या.' खरं सांगायचं तर तेव्हाचा प्रेक्षक अडकलेला होता. बहुतेकांना एकच वाहिनी. 'हम लोग' किंवा 'रामायण' बघायचं तर आधीच्या जाहिराती बघाव्याच लागत. त्या काळात शेकडो जाहिराती दाखवल्या गेल्या, आणि त्यांतल्या बहुतेक आपण साफ विसरलो. आठवणीत उरल्या त्या दहा-वीस, आणि त्यांच्यावरून आपण सगळ्या काळाला प्रमाणपत्र देतो. पुनरावृत्ती सगळ्यांनाच मिळाली होती, टिकल्या मोजक्या. म्हणजे नुसतं वारंवार दाखवणं पुरेसं नाही. निरमासारखी चाल हवी, नाहीतर ललिताजींसारखा माणूस हवा.

१९९२ मध्ये झी टीव्ही आला, हातात रिमोट आला, प्रेक्षक सुटला. त्यानंतरची १९९४ ची कॅडबरीची जाहिरात बघा, ओगिल्वीच्या पियूष पांडे यांची. चेंडू हवेत, झेल जाणार की षटकार? त्या क्षणी कोण चॅनल बदलेल? षटकार जातो आणि चॉकलेट खाणारी मुलगी सुरक्षारक्षकाला चुकवून मैदानात नाचत सुटते. तेव्हा चॉकलेट म्हणजे पोराटोरांचा खाऊ, मोठ्यांनी खाल्लं तर जरा लाजच. 'या वयात हे शोभतं का?' हा मनातला प्रश्न तिनं नाचून उडवून लावला. २०२१ मध्ये हीच जाहिरात उलटून केली : खेळणारी बाई, नाचणारा पुरुष. सत्तावीस वर्षांनी घराघरातला प्रश्न बदलला होता, म्हणून जुनी चौकट पुन्हा जिवंत झाली.

आणि २०१० च्या अखेरीस यूट्यूबनं पाच सेकंदांनंतर जाहिरात वगळायची सोय दिली. आता तर प्रेक्षक बोट टेकवूनच बसलेला असतो. म्हणून लोक पहिल्या पाच सेकंदांत आरडाओरडा करतात. ललिताजींनी काय केलं होतं आठवा. पहिल्याच वाक्यात गिऱ्हाइकाच्या मनातला अवघड प्रश्न. तो आजही पाच सेकंदांत मावतो.

तेव्हा बचत गटाच्या ताईंना मी एवढंच सांगेन. ड्रोनचे पैसे वाचवा. तुमचा मसाला न घेणारी बाई काय म्हणते, ते आधी ऐका. 'घरी करते की मी', 'दुकानात स्वस्त मिळतो', 'यात भेसळ नसेल कशावरून?' जे सगळ्यात टोचतं ते वाक्य घ्या, व्हिडिओच्या सुरुवातीला ठेवा, आणि खऱ्या माणसाच्या तोंडून खरं उत्तर द्या. उत्तर खरं नसेल तर व्हिडिओ करू नका, आधी मसाला सुधारा. कारण लोकांच्या लक्षात राहिलेली खोटी गोष्ट विसरलेल्या गोष्टीपेक्षा महाग पडते.

हा हिशेब ललिताजींनाही पटला असता असं मला वाटतं.