बंद फोन आणि बंद दप्तर

इ. स. २०२० च्या ऑक्टोबर महिन्याच्या १२ तारखेस सकाळीं दहाच्या सुमारास मुंबई, ठाणें व नवी मुंबई या शहरांची वीज एकाएकीं गेली. लोकल गाड्या जागच्या जागीं उभ्या राहिल्या. मुंबई विद्यापीठास त्या दिवसाच्या परीक्षा पुढें ढकलाव्या लागल्या. पडघ्याकडून कळव्यास येणाऱ्या उच्च दाबाच्या वाहिन्या बंद पडल्यामुळें हा प्रसंग ओढवला. साऱ्या महाराष्ट्राच्या विजेचा भार ज्या केंद्रांतून सांभाळला जातो, तें केंद्र ठाणें-बेलापूर रस्त्यावर ऐरोली येथेंच आहे. दिव्याखालीं अंधार ही म्हण त्या दिवशीं पुष्कळांस आठवली असेल!

वीज कोठें दोन-अडीच तासांनीं, तर कोठें रात्रीं उशिरा परत आली. तोंवर घरोघरचे फोन एकामागून एक मावळले. दिवस साथीचे, शाळा, कचेरी व बाजार हीं सारीं त्या चिमुकल्या पेटींतच कोंडलेलीं होतीं. पुढें बहुतेक फोन जागे झाले. कांहीं झाले नाहींत. ऐरोली गांवांतील आमच्या एका माजी विद्यार्थ्याचा जुना फोन त्यांपैकींच होय. त्यांत त्याच्या आजीनें म्हटलेले धवले सांठविलेले होते. आगरी लोकांत लग्नाचे विधि धवलारीण गाऊन चालविते, व तिचे धवले पोथींत नसून तिच्या कंठांत असतात. आजी त्याच उन्हाळ्यांत वारली होती. १२ तारखेस मावळलेला तो फोन कपाटांत पडून राहिला, आणि दिवाळीनंतर चार्जरला लावला तेव्हां उजेडाचा ठिपकाहि दिसेना. दुकानदार म्हणाला, “डेड आहे, नवा घ्या.” विद्यार्थी तो घेऊन आमच्याकडे आला. आम्ही विजेचे जाणते म्हणून नव्हे, तर जुनीं कागदपत्रें हाताळणारे म्हणून!

वीज सांठविणारीं साधनें रुसावयाचीं ही रीत नवी नाहीं. व्होल्टानें १८०० सालीं धातूंच्या चकत्यांची जी पहिली चळत रचली, तिच्यामधील खाऱ्या पाण्याचा पुठ्ठा वाळला कीं वीज थांबे. १८३६ सालीं डॅनियलनें अधिक टिकाऊ घट केला, व तसल्या घटांवर पुढें तारायंत्रें चालूं लागलीं. तार बोलेनाशी झाली म्हणजे दोष घटांत आहे, जोडांत आहे, कीं वाटेवरच्या तारेंत आहे, हें क्रमानें पाहावें लागे. आपल्याकडील सरकारी तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली; तिचा हा क्रम मात्र आजच्या दुरुस्तीवाल्यानेंहि सोडूं नये असा आहे.

फोनमधील लिथियम घट व्हिटिंगहॅम, गुडइनफ व योशिनो या तिघांच्या खटपटीचें फळ होय. १९९१ सालीं तो बाजारांत आला, व २०१९ सालीं तिघांस नोबेल पारितोषिक मिळालें. हा घट मोठा शीघ्रकोपी. म्हणून त्याच्यावर एक विद्युत्-पहारेकरी बसविलेला असतो. पुरता भरलेला घट सुमारें ४.२ व्होल्ट दाखवितो; तो फारच खालीं उतरला कीं पहारेकरी त्याचा फोनशीं संबंध तोडून टाकतो. अशा घटास चार्जर प्रथम अगदीं बारीक धारेनें वीज पाजतो, व तोंवर पडद्यावर कांहींच दिसत नाहीं. दहा मिनिटांत निराश होणाऱ्या मनुष्यास तो फोन मेलेला वाटला तर नवल काय?

आम्हीं प्रथम पाठ फुगलेली नाहीं ना हें पाहिलें. फुगली असती तर चार्जर लावणें घातक होतें. चार्जिंगच्या भोकांत खिशांतील धाग्यांची घट्ट वळी बसली होती, ती लांकडी काडीनें हलकेच काढली. मग खात्रीचा चार्जर व दुसरी केबल लावून फोन दोन तास तसाच ठेविला, व पुढें चालू करण्याचें व आवाज कमी करण्याचें अशीं दोन्ही बटणें एकदम अर्धा मिनिट दाबून धरलीं. फोन किंचित् थरथरला आणि पुन्हां गप्प झाला. (तांदुळाच्या डब्यांत फोन पुरण्याचा सल्लाहि मिळाला, तो आम्हीं भातापुरता ठेविला.)

येथें आम्हांस राजवाड्यांची आठवण झाली. ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड त्यांनीं १८९८ सालीं काढला. जुन्या दप्तरास वाळवी लागते खरी, पण अर्धा कागद खाल्ला तरी उरलेला अर्धा वाचतां येतो. फोनचें तसें नाहीं. आंतील लेख वीज नसतांहि वर्षानुवर्षें टिकतो. परंतु अलीकडच्या फोनांत तो गूढलिपींत असतो, व तिची किल्ली त्याच फोनच्या मुख्य भागाशीं जखडलेली असते. स्मृतीची चकती उपटून दुसरीकडे लावली तरी अक्षर उमटत नाहीं. मोडी निदान शिकतां तरी येते! म्हणून फोन जिवंत करणें हाच एक मार्ग उरतो, आणि “नवा घ्या” हें उत्तर अशा वेळीं दप्तर जाळण्यासारखें आहे.

ठाण्याच्या एका कारागिरानें बॅटरी बदलली, आणि फोन उघडला. ध्वनिमुद्रणें सर्व होतीं. मुलानें त्यांच्या प्रथम दोन ठिकाणीं नकला केल्या. मग आम्ही दोघांनीं बसून ते धवले वहींत शाईनें उतरून घेतले. तीन शब्द लागले नाहींत. शेजारच्या दिवा गांवीं आजीच्या जोडीनें गाणारी एक वृद्धा आहे, तिला ते विचारावयाचे आहेत. तोंवर तेवढ्या जागा कोऱ्या ठेविल्या आहेत.