इष्टुर फाकडा आणि बाकीचे

लोणावळ्याहून पुण्याची लोकल धरली, की मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव अशी स्टेशनं लागतात. तळेगावला पोचायला तासही लागत नाही. १७७९ च्या जानेवारीत याच वाटेने इंग्रजांची फौज पुण्यावर चालून येत होती आणि तिला तळेगावच्या पुढे सरकता आलं नाही. वडगावच्या लढाईचा हा धडा आपण सगळ्यांनीच शाळेत पाठ केलेला आहे. आज मात्र मला त्या लढाईत पडलेल्या माणसांविषयी बोलायचं आहे.

त्यातल्या एकाचा पत्ता सहज सापडतो. वडगाव मावळच्या पोलीस ठाण्याच्या आवारात इष्टुर फाकड्याची समाधी आहे. लोक ती श्रद्धेने पूजतात. इष्टुर म्हणजे कॅप्टन जेम्स स्टुअर्ट. आपल्या लोकांच्या जिभेवर स्टुअर्टचा इष्टुर झाला. रघुनाथरावांना पुण्याच्या मसनदीवर बसवायला मुंबईकर इंग्रज निघाले, तेव्हा आघाडीच्या तुकडीचा हा म्होरक्या. बोरघाट त्याने आधीच ताब्यात घेऊन ठेवला होता. मागून मुख्य फौज आली ती १९,००० बैलांचा लवाजमा घेऊन आणि आपसात भांडणारे वरिष्ठ घेऊन. खंडाळा ते कार्ले हे आठ मैल कापायला त्यांना अकरा दिवस लागले!

महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके यांनी एकदम अंगावर जायचं टाळलं. चारा जाळायचा, रसद तोडायची आणि तोफा चालू ठेवायच्या, हा त्यांचा डाव. ४ जानेवारीला कार्ल्यात तोफेचा गोळा लागून स्टुअर्ट पडला. झाडावर चढून तो मराठ्यांच्या हालचाली न्याहाळत होता, असं मावळात सांगतात. फाकडा म्हणजे ऐटदार, पाणीदार मर्द. मानाजी शिंद्यांना मराठी फौजेने हेच बिरुद दिलं होतं. तेच बिरुद चाल करून आलेल्या परक्यालाही मिळालं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. ९ तारखेला इंग्रज तळेगावला पोचले. ११ च्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून ते मागे फिरले आणि दुसऱ्या दिवशी वडगावात पुरते कोंडले गेले. मग तह झाला. कलकत्त्याच्या वॉरन हेस्टिंग्जने तो मानला नाही, युद्ध लांबलं आणि १७८२ मध्ये सालबाईच्या तहाने मिटलं. वडगावात आज महादजींचा पुतळा आहे, आणि तो असायलाच हवा.

म्हणजे जिंकणाऱ्या सेनापतीचं स्मारक आहे, हरणाऱ्या बाजूच्या कप्तानाची समाधी आहे. मग बाकीचे कुठे आहेत? इंग्रजांच्या त्या फौजेत गोरे जेमतेम ६००. बाकी बहुतेक हिंदी शिपाई आणि तोफा ओढणारे लष्कर. मुंबईच्या पलटणींत तेव्हा कोकणातली माणसं पुष्कळ असत. तेव्हा कार्ल्याच्या माळावर मराठी बोलणारा माणूस दोन्ही बाजूंनी मेला असणार. त्यांच्यातल्या कुणालाही फाकडा म्हणून नवस बोलला जात नाही.

पूर्वी आपल्याकडे वीरगळ उभारत. गावच्या देवळापाशी तो तिरका पडलेला दगड तुम्ही पाहिला असेल. खाली लढाई, त्यावर वीराला स्वर्गाला नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. पण बहुतेक वीरगळांवर अक्षर नसतं. ज्यांनी दगड उभा केला त्यांना नाव ठाऊकच होतं, कोरायचं कशाला? तीन-चार पिढ्या गेल्या आणि दगड तेवढा उरला. पुढे त्याला शेंदूर लागला आणि त्याचा देव झाला.

लिहिणाऱ्या राज्यांनी तरी काय केलं म्हणा! पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या, कूतच्या वेढ्यात उपाशी राहिल्या. तिथल्या बसऱ्याच्या स्मारकावर ४०,००० हून अधिक मृतांची नोंद आहे. त्यात गोऱ्या शिपायाचं नाव कोरलं गेलं. हिंदी अधिकाऱ्यांचीही नावं आली, पण साध्या हिंदी शिपायांचा पलटणवार नुसता आकडा टाकला. या भेदभावाबद्दल राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने माफी मागितली ती २०२१ मध्ये.

पेशवाईत दगडावर नाही, पण कागदावर एक सोय होती. तिला बालपरवेशी म्हणत. शिपाई किंवा सरदार लढाईत कामी आला, तर त्याच्या मुलाबाळांच्या पोटापाण्यासाठी नेमणूक किंवा जमीन दिली जाई. पैसे द्यायचे म्हटल्यावर कारकुनाला नाव लिहावंच लागतं. कोण, कुठला, कुठे पडला, मागे कोण आहे. कारकुनाच्या काटेकोरपणाला आपण एरवी नावं ठेवतो, पण इथे त्याचे आभार मानावेत.

हे कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांत बांधलेले आहेत, हजारोंनी, आणि मोडीत. कार्ले-वडगावला पडलेल्या आपल्या माणसांची नावं शोधायची, तर माझ्या मते तिथेच शोधावी लागतील. मावळातली दोन-चार मुलं मोडी शिकली आणि १७७९ नंतरच्या दोन-तीन वर्षांच्या बालपरवेशीच्या नोंदी घेऊन बसली, तर निदान एखाद्या नावापुढे आपल्या ओळखीच्या गावाचं नाव निघेल. इष्टुरची समाधी कुठे आहे, हे वडगाव स्टेशनवर उतरून विचारलं तर कुणीही सांगेल.